रेझ्युमेवर सात जणांचे सात सल्ले, आणि ओळखीच्यांना मेसेज टाकायला हात धजत नाही

क्वालिटीवाला_चाकण

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वय ३६, डिप्लोमा मेकॅनिकल, नंतर नोकरी करता करता डिग्री पूर्ण केली. चाकणला एका टिअर-टू (गाडी कंपनीच्या सप्लायरला माल देणाऱ्या) कंपनीत ११ वर्षं क्वालिटीला होतो, प्रेस पार्ट आणि वेल्डिंग असेंब्ली. इन्स्पेक्टर म्हणून लागलो, शेवटची चार वर्षं सीनिअर इंजिनिअर. कस्टमरने एक मॉडेल बंद केलं आणि त्या लाइनवरचे आम्ही तीसेक जण मे महिन्यात बाहेर पडलो. कंपनीने हिशोब वेळेवर केला, तक्रार नाही. पण आता चौथा महिना संपत आलाय, घराचा हप्ता आहे, मुलगी पहिलीत गेलीये.

पहिला घोळ रेझ्युमेचा. मेहुणा हिंजवडीला आयटीत आहे, तो म्हणतो एकच पान, दोन कॉलम, कॅनव्हावर बनव. जुने मॅनेजर म्हणतात ११ वर्षांचा अनुभव एका पानात कसा मावेल, तीन पानं कर आणि सगळ्या ट्रेनिंग टाक. बायकोची मैत्रीण एचआरला आहे, ती म्हणाली फोटो आणि वडिलांचं नाव काढून टाक, काका म्हणतात जन्मतारीख आणि खाली डिक्लरेशन सही नसेल तर तो बायोडाटाच नाही. मध्ये एका ऑनलाइनवाल्याला २,५०० रुपये देऊन बनवून घेतला, त्याने वर 'डायनॅमिक अँड रिझल्ट ओरिएंटेड प्रोफेशनल' असं लिहून दिलं, वाचल्यावर मलाच कळेना हा कोण माणूस. दर सल्ल्याला बदलत गेलो आणि आता लॅपटॉपमध्ये सहा फायली आहेत, कोणाला कुठली पाठवली तेही आठवत नाही. नौकरी डॉट कॉमवर रोज वीस-पंचवीस ठिकाणी अप्लाय करतो, चार महिन्यांत कामाचे म्हणावे असे तीन फोन आले.

दुसरी गोष्ट बोलायला जड जाते. सगळे म्हणतात नेटवर्किंग कर. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, कोणापुढे हात पसरायचा नाही हे घरात रोज ऐकलंय. वशिल्याने चिकटलेली माणसं कंपनीत बघितली, आणि त्यांच्याबद्दल मनात काय यायचं ते मला माहीत आहे. आता मीच कोणाला मेसेज टाकायला घेतो आणि टाइप केलेलं खोडून टाकतो. सात-आठ जणांना 'सर काही असेल तर बघा' एवढं पाठवलं, सहा जणांचा अंगठा आला, पुढे काही नाही.

सल्ला नेमका कोणाचा ऐकू, आणि ओळखीच्या माणसांशी बोलायचं तरी कसं? अनुभव असलेल्यांनी लिहा प्लीज.

---

शॉपफ्लोर_२४वर्षं

मित्रा, मी एका प्लांटला क्वालिटी हेड आहे, तुझ्यासारख्याच जागा भरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सल्ला देणाऱ्याला एकच विचार, तुम्ही ही जागा कधी भरली आहे का. तुझा मेहुणा त्याच्या जगात बरोबर आहे. काका पण चुकीचे नाहीत, त्यांनी ज्या काळात सरकारी अर्ज भरले तिथे डिक्लरेशन लागायचंच. पण चाकण-रांजणगावच्या प्लांटमध्ये सीनिअर क्वालिटी इंजिनिअर घेताना टेबलाच्या या बाजूला बसलेल्या माणसाला काय हवंय, हे त्या दोघांना कळायचं कारण नाही. सात जण राहू देत, दोनच धर, एक माझ्यासारखा लाइनवरचा आणि एक ऑटोमध्ये भरती करणारा एचआरवाला.

आता मी काय बघतो ते सांगतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात कमोडिटी शोधतो, म्हणजे शीट मेटल का कास्टिंग का मशिनिंग का प्लास्टिक. मग तू इनकमिंगला होतास, इन-प्रोसेसला का कस्टमर एंडला. मग कस्टमर कोण, कारण कस्टमर बघितला की कुठल्या प्रकारचे ऑडिट अंगावर घेतलेत त्याचा अंदाज येतो. हे तिन्ही पहिल्या पानाच्या वरच्या भागात नसेल तर खाली कितीही लिही, मी तिथपर्यंत पोचत नाही कारण टेबलावर अजून चाळीस पडलेले असतात.

आणि 'रिस्पॉन्सिबल फॉर पीपॅप, एफएमईए, एट-डी, एसपीसी' अशी क्वालिटीच्या पद्धतींची नुसती नावं टाकलेली ओळ मला दहापैकी नऊ सीव्हीत दिसते. त्यातून काहीच कळत नाही. पीपॅप, म्हणजे पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची फाइल, तिची १८ एलिमेंट असतात, त्यातली तू स्वतः कुठली बनवलीस आणि कुठली नुसती फाइलला लावलीस? पीएफएमईए, म्हणजे प्रोसेसमध्ये काय बिघडू शकतं ते आधीच मांडायचं काम, त्याच्या टीममध्ये बसून बोलायचास का नुसती सही करायचास? त्याच्या २०१९च्या नव्या हँडबुकमध्ये धोका मोजायचा आरपीएन हा आकडा जाऊन अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आली, त्यावर काम केलं असशील तर तसं स्पष्ट लिही, कारण अजून बरेच जण आरपीएनवरच अडकलेले आहेत आणि तुझं वेगळेपण तिथे दिसेल.

तुझ्या ११ वर्षांतले पाच-सहा प्रसंग आठव जिथे तू स्वतः काहीतरी सोडवलंस. समज एका ब्रॅकेटच्या होल पिचच्या तक्रारी यायच्या, तू फिक्स्चरचा लोकेटर बदलून घेतलास, पोकायोके (चूक होऊच न देणारी सोय) लावलास, तक्रारी थांबल्या. हे दोन ओळीत लिही, पार्ट कुठला, त्रास काय होता, केलं काय, आधी रिजेक्शन किती आणि नंतर किती. आकडा खराच टाक. मी मुलाखतीत त्याच आकड्याला धरतो, कुठल्या महिन्याचा, कोणी मोजला, गेजचं आर अँड आर, म्हणजे मोजण्यातलाच फरक, किती टक्के होतं. १०च्या आत असेल तर ठीक, ३०च्या वर गेलं तर त्या गेजवर काढलेला आकडा मी कशाला मानू? खोटा आकडा तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो, आणि त्या माणसाचं खरं कामही मग कोणी ऐकून घेत नाही, हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

दोन पानं पुरेत. एक कॉलम. 'एक्सेल ८० टक्के' असे पट्टे काढून टाक. ट्रेनिंगमधलं इंटर्नल ऑडिटरचं सर्टिफिकेट असेल तर आयएटीएफ १६९४९ (ऑटोचं क्वालिटी स्टँडर्ड) असं नाव घालून ठेव, ५-एसच्या एक दिवसाच्या ट्रेनिंगला जागा देऊ नकोस. इन्स्पेक्टरपासून वर आलास हे लपवू नकोस, वर दिसेल असं लिही. हातात व्हर्निअर धरून वर आलेल्या माणसाला मी नेहमी एक जास्तीचा प्रश्न विचारायची संधी देतो.

---

भरती_ताई_पिंपरी

वरच्या सरांनी आतलं सांगितलं, मी त्याच्या आधीचं सांगते, कारण सरांच्या टेबलावर कागद जायच्या आधी तो आमच्या हातातून जातो. मी ९ वर्षं कन्सल्टन्सीत आहे, जास्त करून ऑटोच्याच जागा.

दादा, रोज वीस ठिकाणी अप्लाय करायचं थांबवा आधी. आम्ही बऱ्याचदा आलेले अर्ज उघडायच्या आधी डेटाबेसमध्ये सर्च मारतो. क्वालिटी, शीट मेटल, पीपॅप, अनुभव ८ ते १२, पुणे, नोटीस पिरियड. आणि अलीकडे कोण अ‍ॅक्टिव्ह आहे ते आधी बघतो. तुम्ही सगळीकडे 'प्रेस पार्ट' लिहिलं असेल आणि मी 'स्टॅम्पिंग' टाकून शोधत असेन तर आपली गाठच पडणार नाही. म्हणून प्रेस पार्ट, शीट मेटल, स्टॅम्पिंग, तिन्ही शब्द कुठे ना कुठे येऊ द्या. आठवड्यातून एक-दोनदा प्रोफाइलमध्ये खरा काहीतरी बदल करत जा.

तुमच्याकडे एक मोठी गोष्ट आहे जी तुम्ही कमीपणाची समजताय. बाकीच्यांचा नोटीस पिरियड दोन-दोन, तीन-तीन महिन्यांचा असतो, तुमचा शून्य आहे. हेडलाइनमध्येच लिहा, लगेच जॉइन होऊ शकतो. मॉडेल बंद झाल्याने लाइन बंद झाली हे एका वाक्यात सांगितलं की आमच्या क्षेत्रात कोणालाही कळतं.

दोन कॉलमचं एक करून बघा. तुमची पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे दिसेल साधारण तसंच सॉफ्टवेअरला दिसतं. वाक्यं एकमेकांत घुसली असतील किंवा फोन नंबर गायब असेल तर ती फाइल सोडून द्या.

आणि एक वही करा हो, खरंच. कुठली कंपनी, कोणामार्फत, कुठल्या तारखेला, कुठली फाइल. एकाच जागेसाठी दोन कन्सल्टंटकडून तुमचं नाव गेलं की माणूस कोणाचा यावरून आमच्यात वाद होतो आणि कंपनी कटकट नको म्हणून तुम्हालाच बाजूला ठेवते. असं झालेले चांगले उमेदवार मी बघितलेत, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही काय झालं.

तारखांशी खेळू नका. मधले चार महिने झाकायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, व्हेरिफिकेशनवाले यूएएनवरची, म्हणजे पीएफच्या नंबरवरची, सर्व्हिस हिस्टरी बघतात. तिथे जुन्या कंपनीने एक्झिटची तारीख टाकली आहे का ते आजच तपासा. नसेल तर शेवटचा पीएफ भरल्याला दोन महिने झाल्यावर ती तुम्हालाच पोर्टलवर टाकता येते.

पैसे मागणारा कन्सल्टंट आमच्या लाइनमधला नाही हे धरून चाला. आमची फी कंपनी देते, साधारण वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. गेट पास, युनिफॉर्म, लॅपटॉप डिपॉझिट, कशालाही पैसे मागितले की फोन ठेवा. आणि कोणाचे गेलेच असतील तर लाज न वाटू देता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०ला, फोन करा, जितका लवकर तितका उपयोग.

---

क्वालिटीवाला_चाकण

दोघांचे खूप आभार. ताई, नोटपॅडचं आत्ताच करून बघितलं. २,५०० देऊन केलेल्या फाइलमध्ये माझा फोन नंबर येतच नाही, वरच्या रंगीत पट्टीत होता, आणि कंपनीचं नाव वेल्डिंगच्या ओळीत जाऊन बसलंय. दोन महिने तीच फाइल पाठवत होतो. पोटात गोळा आला बघून.

सर, प्रसंग लिहायला बसलो, रात्री अकरापर्यंत नऊ निघाले. बरं वाटलं, किती दिवसांनी.

पण ओळखीचं अजून तिथेच अडलंय.

---

सातपूरची_परत_आलेली

भाऊ, यावर मी बोलते. मी नाशिकला परचेसमध्ये होते, दोन मुलांच्या मागे पाच वर्षं घरी होते, मग परत यायचं ठरवलं तेव्हा तुमच्यासारखंच व्हायचं, मेसेज लिहायचा आणि खोडायचा. माझ्या सासऱ्यांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात बसली. ज्याने तुझं काम कधी बघितलेलं नाही, पण ज्याच्या शब्दाला वजन आहे, तो तुला लावतो तेव्हा तो वशिला. ज्याने तुझं काम बघितलंय तो सांगतो की अमक्याकडे जागा आहे, पुढे मुलाखत तुझी तूच देतेस, त्यात कसली लाज. तुम्ही चार वर्षांपूर्वी एखाद्या चांगल्या वेल्डरचं नाव कोणाला सांगितलं असेलच की. तेव्हा तुम्हाला तो भिकारी वाटला होता का?

मी आधी साहेब लोकांनाच मेसेज केले, सगळीकडून अंगठे. मग लक्षात आलं की साहेबांना दुसऱ्या कंपनीत काय चाललंय ते फारसं माहीत नसतं, ते आपल्याच प्लांटमध्ये बुडालेले असतात. दहा कंपन्यांत जाणारी माणसं वेगळी आहेत. कॅलिब्रेशन लॅबचा मुलगा, गेज आणि टूलिंग विकणारा, सीएमएम या मोजणीच्या मशिनच्या सर्व्हिसला येणारा, स्टील सप्लायरचा सेल्सवाला, ट्रान्सपोर्टवाला, कस्टमरकडून ऑडिटला येणारे सप्लायर क्वालिटीवाले. कुठे नवी लाइन बसतेय, कुठल्या क्वालिटी मॅनेजरने राजीनामा टाकलाय, हे त्यांना एचआरच्या आधी कळतं. मला माझ्या आत्ताच्या जागेची बातमी पॅकिंगचे बॉक्स पुरवणाऱ्या दादांनी दिली. त्यांचं बिल मी कधी अडवून ठेवलं नव्हतं, एवढीच आमची ओळख.

आणि 'काही असेल तर बघा' हा मेसेज समोरच्याला अवघड करून ठेवतो हो. काय बघायचं, कुठे बघायचं, सगळं त्याच्यावर टाकलंत, मग तो बिचारा अंगठाच देणार. त्याला दोन मिनिटांत देता येईल असं काहीतरी मागा. मी असा पाठवायचे, तुमच्या कामाप्रमाणे बदलून देते:

'नमस्कार सर, मी अमुक, चाकणच्या प्लांटला क्वालिटीला होतो, तुम्ही पीपॅपला यायचात तेव्हा त्या क्रॉस मेंबरचं डॉक्युमेंटेशन मी दाखवलं होतं. लाइन बंद झाल्याने मेपासून मोकळा आहे. तुमच्या माहितीत शीट मेटलमध्ये क्वालिटीला सध्या कोण माणसं घेतंय एवढं कळलं तरी खूप होईल. सीव्ही लागला तर सांगा, लगेच पाठवतो.'

कोण, कुठे भेटलो, काय हवंय, बस. गुड मॉर्निंगची फुलं नकोत, पहिल्याच मेसेजला फाइल चिकटवणं नको. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण, नंतर त्या माणसाला सोडा, मनात राग धरू नका. ज्यांना गुरुवारची सुट्टी असते त्यांना त्या दिवशी दुपारी फोन केलेला बरा, निवांत बोलतात. आणि कोणी नुसतं नाव जरी सांगितलं तरी पुढे काय झालं ते त्याला परत कळवा, काम झालं नाही तरी. हे शेवटचं फार कमी लोक करतात, म्हणून लक्षात राहतात.

---

परभणी_टू_भोसरी

ताई, तुमचं पटतं, पण एक बाजू राहते. मी २०१४ला परभणीहून आलो तेव्हा पुण्यात एकही माणूस ओळखीचा नव्हता. घरात इंजिनिअर होणारा पहिलाच. ज्यांच्या मामा-काकांच्या कंपन्या आहेत त्यांना नेटवर्किंग म्हणजे संध्याकाळचा चहा, आमच्यासारख्याला कॅलिब्रेशनवालाही माहीत नव्हता. नुसतं 'ओळखी वापरा' म्हटलं की आमच्या पोरांना वाटतं हे आपल्यासाठी नाहीच आणि ती गप्प बसतात.

मला ज्यांनी तारलं ती रूमवरची पोरं. एका खोलीत सहा जण, सहा कंपन्यांत, सहा गेटच्या बातम्या रात्री एका ताटाभोवती. मेसच्या मावशींना माहीत असायचं कोणाची कंपनी भरती काढतेय. सरकारी रोजगार मेळाव्याला गेलो, नोकरी तिथे मिळाली नाही पण रांगेत दोन मुलं भेटली, त्यातल्या एकाच्या कंपनीत आठ महिन्यांनी लागलो. म्हणजे ओळख नसेल तर करता येते, पण वेळ लागतो, आणि तेवढा वेळ घरून पैसे मागवत राहणं सगळ्यांना जमत नाही, हेही कोणीतरी बोललं पाहिजे.

दादा तुमच्याकडे ११ वर्षांत जोडलेली माणसं आहेत. वापरा. तुमच्याबरोबर निघालेल्या तीस जणांचा ग्रुप आहे का? नसेल तर आजच करा. वेल्डिंगवाल्याला दिसलेली क्वालिटीची जागा त्याला कामाची नाही, तुम्हाला आहे, आणि उलटंही तसंच.

---

समाजशास्त्राचा_विद्यार्थी

परभणीवाल्या दादांच्या रांगेतल्या ओळखीवरून आठवलं म्हणून थोडक्यात. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकती नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की बातमी कोणाकडून कळली. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांच्यातले जेमतेम १७ टक्के त्या माणसाला वरचेवर भेटणारे होते. जवळपास ५६ टक्के अधूनमधून, आणि २८ टक्के क्वचितच. कारण सोपं आहे, आपली जवळची माणसं आपल्याच वर्तुळात फिरतात, त्यांना कळतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. दूरची ओळख दुसरीकडची बातमी आणते. फक्त ती सगळी पांढरपेशी माणसं होती, गाव पण सुखवस्तू, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे भोसरीला लावू नयेत. परभणीवाल्या दादांचा मुद्दा तिथे तंतोतंत लागू पडतो.

---

क्वालिटीवाला_चाकण

तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळ्यांना कळवायचं म्हणून.

सहाच्या सहा फायली बाजूला ठेवून एकच नवी केली, दोन पानं, नऊतले सहा प्रसंग. वही केली. मेसेज एकूण १७ जणांना पाठवले, नऊ जणांची उत्तरं आली. पहिला मेसेज पाठवताना छाती धडधडत होती, पाचव्यानंतर कमी झाली. एका ऑडिटर सरांनी तर स्वतः फोन केला, म्हणाले क्रॉस मेंबर आठवतो, तुम्ही त्या दिवशी चूक लपवली नव्हती. फोन ठेवल्यावर बायकोला सांगताना मला बोलता येईना.

गेजवाल्या दादांनी रांजणगावच्या एका प्लांटचं सांगितलं. पहिला राउंड झाला, पीपॅप आणि आर अँड आरवर दीड तास घेतला, शॉपफ्लोर सर तुम्ही म्हणालात तसंच आकड्याला धरलं, पण आकडे माझे होते त्यामुळे बोलता आलं. दुसरा राउंड सोमवारी. तीस जणांचा ग्रुप पण केला, त्यातून आमचा एक वेल्डिंग सुपरवायझर गेल्या आठवड्यात लागलासुद्धा.

आता एक अडचण. एचआरने शेवटच्या तीन पगाराच्या स्लिप आणि करंट सीटीसी मागितलाय. मी तर मेपासून घरी. एक जण म्हणतो शेवटच्या पगारात थोडी वाढ दाखवून सांग, नाहीतर घरी बसलेला म्हणून कमी ऑफर देतील. काय करू?

---

भरती_ताई_पिंपरी

अजिबात वाढवू नका. फेब्रुवारी, मार्च, एप्रिलच्या स्लिप आहेत तशा द्या, सोबत रिलीव्हिंग लेटर. 'करंट'च्या जागी शेवटचा पगार असं लिहून खरा आकडा टाका. फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट पुढे मागतातच, तिथे फरक सापडला तर आलेली ऑफर परत जाते. अपेक्षित किती ते विचारलं तर तुमचा आकडा आधीच ठरवून ठेवा आणि एकदाच सांगा. कमी देतो म्हणाले तर सहा महिन्यांनी रिव्ह्यू करून घ्या, ऑफर लेटरमध्ये लेखी. सोमवारी बसने जाणार असाल तर शिक्रापूरच्या चौकात गाड्या अडकतात, अर्धा-पाऊण तास आधी निघा.